‘औषध घेतलंय’ म्हणजे काय

बेळगावच्या कॅज्युअल्टीतल्या, म्हणजे तातडीच्या विभागातल्या, माझ्या पहिल्याच नाईट ड्यूटीची गोष्ट. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. बैलहोंगलकडच्या एका खेड्यातून जीप आली. चाळिशीचा माणूस, दोघांनी बगलेत धरून पाय ओढत आणलेला. तोंडाला फेस, विजार ओली. मी विचारलं, "एनागेत्री?" शाळेत विषय म्हणून शिकलेलं आणि बाजारात वापरलेलं माझं कन्नड तेवढ्यापुरतं पुरत होतं. त्याचा भाऊ घाईघाईनं म्हणाला, "एण्णी कुडदारी, मेडम."

एण्णी म्हणजे तेल. दारूलाही गमतीनं एण्णी म्हणतात, हे मी कॉलेजात ऐकलेलं. कुडदार म्हणजे प्यायलेत. मी केसपेपरवर दारू प्यायल्याची नोंद केली, सलाईन लावायला सांगितलं, रक्तातली साखर बघायला सांगितली आणि त्याला कुशीवर वळवून पुढच्या ट्रॉलीकडे गेले.

सात-आठ मिनिटं गेली असतील. त्या खोलीत वीस वर्षं काढलेल्या आमच्या सिस्टर त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून म्हणाल्या, "डॉक्टर, बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात." मी वाकले तेव्हा वास आला, लसणासारखा, त्यात रॉकेलची झाक. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला तर दोन्हीकडे नुसती बुडबुड. नाडी ४८. ही दारू नव्हती, पिकावर मारायचं औषध होतं. बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्गकडे फवारणीच्या औषधाला एण्णीच म्हणतात. त्या खोलीत हे ठाऊक नसलेली मी एकटीच होते.

पुढचे दोन तास मी त्याच्या उशापासून हलले नाही. अंगावरचे कपडे कापून काढले, हातमोजे घालून त्याला साबणानं धुतला, तोंडातली लाळ सक्शननं ओढत राहिलो. या विषावरचा उतारा असलेल्या ॲट्रोपिनच्या तीन ॲम्प्यूल दिल्या, पाच मिनिटं थांबून छाती ऐकली, मग सहा दिल्या, पुन्हा ऐकली, मग बारा. ऑर्गॅनोफॉस्फेट प्रकारच्या कीडनाशकाच्या विषबाधेत डोस असाच दुप्पट करत जायचा असतो, छातीतली बुडबुड थांबेपर्यंत आणि काख कोरडी पडेपर्यंत. नाडी ८०च्या वर गेली, रक्तदाब सावरला. तो जगला. तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येईना. या विषाचा हा दुसरा फटका साधारण एक ते चार दिवसांत येतो आणि श्वासाचे स्नायूही ढिले पाडतो. तो आठवडाभर व्हेंटिलेटरवर राहिला आणि सोळाव्या दिवशी चालत घरी गेला.

तरीही ती सात-आठ मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. आजाराचं ज्ञान मला होतं. बाहुल्या, लाळ, मंद नाडी हे सगळं परीक्षेत लिहून मी मार्क मिळवलेले. मला फक्त एक शब्द कळला नव्हता. त्याहून वाईट म्हणजे तो कळला आहे असं मला वाटलं होतं, म्हणून मी पुढं काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्टेलवर पडल्या पडल्या आठवलं की आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मी खानापूर तालुक्यातली. आमच्या गावात "त्यानं औषध घेतलंय" असं कोणी हळू आवाजात सांगितलं की बायका कपाळाला हात लावतात. डॉक्टरनं दिलेलं तेही औषध, कोबीवर मारायचं तेही औषध. पुढं आमच्याकडे शहरात वाढलेला एक इंटर्न आला होता. "औषध घेतलंय हो पोरीनं," असं रडत सांगणाऱ्या आईला त्यानं विचारलं, "कुठल्या डॉक्टरांचं? चिठ्ठी आणलीय का?" मी लगेच मध्ये पडले, पण त्याला रागावले नाही. तो माझ्याच जागी उभा होता, फक्त नदीच्या पलीकडच्या काठावर.

त्या दिवसापासून मी एप्रनच्या खिशात एक छोटी वही ठेवायला लागले. डोस आणि फॉर्म्युले लिहायला पोरं ठेवतात तशी, पण माझ्या वहीत शब्द होते. लोक दुखण्याला काय म्हणतात ते.

बेळगावच्या कॅज्युअल्टीत कोण येत नाही? पश्चिमेकडून खानापूर, कणकुंबी, जांबोटीचे मराठी लोक. चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण त्यांना कोल्हापूर लांब आणि बेळगाव जवळ, म्हणून तेही इथंच. पूर्वेकडून गोकाक, सौंदत्तीचे कन्नड बोलणारे. उत्तरेकडून चिकोडी, निपाणी, रायबागचे दोन्ही भाषा एका वाक्यात बोलणारे. शहरातले उर्दू बोलणारे, चोर्ला घाटातून येणारे गोव्याचे ट्रकवाले, पुणे-बंगळूर हायवेवरचे कुठले कुठले ड्रायव्हर. प्रत्येकाचं दुखणं त्याच्या घरच्या भाषेत असतं. माणूस घाबरला की दुसरी भाषा विसरतो. एरवी फाडफाड मराठी बोलणारे कन्नड आजोबा छातीत कळ आली की फक्त कन्नडात बोलतात, आणि कन्नड शाळेत शिकलेली मराठी मुलं "आई गं" म्हणतात.

छातीच्या दुखण्याला 'छातीत दुखतंय' असं सरळ म्हणणारे थोडेच. "छाती भरून आलीया," "गॅस वर चढलाय," "जीव घाबराघुबरा व्हायलाय," "हातात मुंग्या." कन्नडमध्ये "एदी हिडदेतरी", छाती धरली आहे. साखर असलेल्या बायका तर छातीचं नावच काढत नाहीत. "काय न्हाई ओ, नुसता घाम आला आन् गळल्यासारखं झालं." नियम असा की छातीच्या तक्रारीचा माणूस दारातून आत आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. पण ही छातीची तक्रार आहे हे दारातल्या माणसानं ओळखलं तर ना! आमच्याकडे केसपेपर काढायच्या खिडकीपाशी बसणारा मुलगा 'गॅस' ऐकला की त्या माणसाला बाकावर बसवायचा. त्याची चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी वहीतल्या १४ शब्दांचा कागद त्याच्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, मराठी एका बाजूला, कन्नड दुसऱ्या बाजूला. यातलं काही ऐकू आलं आणि माणूस चाळिशीच्या वरचा असला की थेट आत पाठव, केसपेपर नंतर. येळ्ळूरचे एक भात पिकवणारे काका "पित्त झालंय" म्हणत आले तेव्हा त्यानंच धावत येऊन मला सांगितलं. ईसीजीत मोठा झटका दिसत होता. ॲस्पिरिन चघळायला देऊन, गाठ विरघळवणारं इंजेक्शन सुरू होईपर्यंत त्यांना येऊन २० मिनिटं झाली होती. त्या दिवसाचं श्रेय मी त्या मुलालाच देते.

शब्दांनंतर मला शिकावी लागली ती वेळ. लकव्याच्या रुग्णाला मेंदूतली गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही मेंदूत रक्तस्राव झालेला नाही हे सीटी स्कॅनमध्ये पाहून. म्हणून पहिला प्रश्न वेळेचा. आमच्या भागात लकव्याला "वारं गेलं" म्हणतात, अंगावरून वारं गेलं. मी विचारायची, "वारं कधी गेलं?" उत्तर यायचं, "आत्ता सकाळी." सकाळी म्हणजे? सकाळी उठले तेव्हा बोलता येत नव्हतं. म्हणजे झोपेत कधीतरी गेलं, आणि हिशोब रात्री झोपले तिथून धरायचा. प्रश्नच चुकत होता. मग मी असं विचारायला लागले, "शेवटचं नीट, धड बोलताना तुम्ही त्यांना कधी बघितलं? तेव्हा त्या काय करत होत्या?"

हे विचारलं की उत्तरं घड्याळात येत नाहीत, पण घड्याळापेक्षा पक्की येतात. संकेश्वरकडच्या एका आज्जींच्या सुनेनं सांगितलं, "कारखान्याचा भोंगा झाला तवा त्या चुलीम्होरं बसून मला चहात साखर कमी घाल म्हणल्या." कुठला भोंगा? चारचा. चार वाजता आज्जी बोलत होत्या. आम्ही तिथून मोजायला सुरुवात केली. सीटी झाला आणि ७ वाजून १० मिनिटांनी इंजेक्शन गेलं. तीन तास दहा मिनिटं. चंदगडची माणसं एसटीच्या फेरीवरून सांगतात, गवळ्याच्या घरचे डेअरीत दूध घालायच्या वेळेवरून, मुसलमान वस्तीतले अजानवरून. कोणी कधी खोटी वेळ सांगितली नाही. "किती वाजता" असं विचारलं की मात्र सगळे गोंधळतात आणि डॉक्टरला बरं वाटेल असं काहीतरी सांगून टाकतात.

पावसाळ्यातली एक केस मला सविस्तर सांगायची आहे.

जुलैचा महिना, रोपलावणीचे दिवस. जांबोटीच्या पुढच्या एका वाडीतला १९ वर्षांचा मुलगा पहाटे साडेपाचला आला. पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. वाटेत एका दवाखान्यात पोटाचं इंजेक्शन टोचून घेतलेलं. तपासताना पोट मऊ, ताप नाही. पण माझ्याशी बोलताना तो हनुवटी वर करून, मान मागं टाकून बघत होता. आधी वाटलं झोपमोड झालीय. मग लक्षात आलं की त्याच्या पापण्या उघडत नाहीत, म्हणून तो पापण्यांच्या फटीतून बघायला मान मागं टाकतोय.

"रात्री कुठं झोपलेलास रे?"

"पडवीत. घोंगडं टाकून."

"खाली? खाटंवर न्हाई?"

"खालीच. सगळीच खाली झोपतोय की आम्ही."

"रात्री काय चावल्यासारखं झालं काय?"

तो थांबला. "उंदीर आला व्हता वाटतं. बोट ओढल्यावानी झालं. मी हात झटकला आन् परत झोपलो."

टॉर्च लावून दहाही बोटं बघितली. कुठं काही नाही, सूज नाही, रक्त नाही. मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, दात इतके बारीक की खूणही राहत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग गिळता येईना होतं, शेवटी श्वास. आपल्याकडे माणसं मारणारे मुख्य साप चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, आणि आपल्याकडची लस या चौघांच्या विषावर मिळून तयार केलेली असते, घोड्याच्या रक्तातून. खानापूरच्या जंगलात चापडाही आहे, त्याच्यावर ही लस चालत नाही. म्हणून चावा आणि लक्षणं यांची सांगड घालावी लागते. २० मिनिटांची रक्त गोठायची चाचणी केली, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन न हलवता ठेवून द्यायचं. रक्त गोठलं. म्हणजे रक्त गोठू न देणारे घोणस-फुरसं नाहीत. लसीच्या १० कुप्या सलाईनमधून तासाभरात द्यायला सुरुवात केली, रिॲक्शन आलीच तर म्हणून ॲड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवलं.

तोवर त्याला म्हटलं, एक मोठा श्वास घे आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोज. पहिल्यांदा एकवीसपर्यंत गेला. पंधरा मिनिटांनी चौदा. त्यानंतर नऊ. नऊनंतर मी थांबले नाही. निओस्टिग्मिन देऊन बघितलं होतं, पण मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करतं, नागासारखं पुढच्या, म्हणजे स्नायूच्या बाजूला नुसता अडथळा आणत नाही, त्यामुळे या इंजेक्शनचा फारसा गुण येत नाही. लस रक्तात फिरणारं विष धरते, जे आधीच चिकटलं ते सोडवू शकत नाही. ते झिजून नवीन टोकं तयार होईपर्यंत माणसाला जगवून ठेवायचं, एवढंच हातात असतं. श्वासाची नळी टाकली आणि व्हेंटिलेटरला जोडला.

दुपारपर्यंत त्याचं बोटसुद्धा हलेना. पापण्या उचलून टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या, उजेडाला दाद नाही. ज्यानं मण्यार बघितलेली नाही तो अशा माणसाला गेलेला समजेल. त्याचे काका समजले. कॉटच्या उशाशी उभं राहून ते भावाला म्हणाले, "संपलं रे. गाडी किती घेतील इथनं गावापर्यंत, ते तरी विचारून ठिवूया." मीही तिथंच उभी होते. मी त्यांना बाजूला नेऊन समजावलं की तो जिवंत आहे, मेंदू शाबूत आहे, दिवस लागतील. पण त्याआधी मी स्वतः त्याच उशाशी उभी राहून आयसीयूत कॉट मिळत नाही म्हणून फोनवर भांडले होते.

चौथ्या दिवशी पापणी हलली. सहाव्या दिवशी नळी काढली. घसा बसलेला, आवाज फुटत नव्हता. मी बघायला गेले तर तो मला म्हणाला, "काका गाडी ठरवायलेला. मला वरडून सांगायचं व्हतं, मी हाय म्हणून." मग थोडं थांबून, "तुम्ही फोनवर भांडायल्यालासा, तेबी ऐकलंय."

पुस्तकात हे एका ओळीत असतं, की रुग्णाचं अंग लुळं पडतं पण शुद्ध राहते. ती ओळ मला पाठ होती. आता मी नळी टाकलेल्या प्रत्येक माणसाच्या कानाशी जाऊन त्याचं नाव घेते, आज वार कोणता, किती वाजले, घरचं कोण बाहेर बसलंय, आणि आता मी काय करणार आहे ते त्याच्या भाषेत सांगते. कन्नड माणसाला मोडक्या कन्नडात सांगते. सुरुवातीला इतर पोरं बघत राहायची, आता तीही करतात. उशाशी गाडीचं, बिलाचं, कॉटचं बोलायचं नाही, हे मी नातेवाईकांना आणि आम्हाला स्वतःलाही बजावलंय. कर्नाटकानं २०२४च्या फेब्रुवारीत सर्पदंश हा नोंद करणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. आता प्रत्येक चाव्याचा फॉर्म भरून पाठवावा लागतो. रात्री तीनला फॉर्म भरायचा कंटाळा येतो, पण मी तो पूर्ण भरते. 'कुठं झोपला होता' हे त्यात विचारलेलं नसलं तरी शेजारी लिहिते. वाडीवर खाटा आणि मच्छरदाण्या असत्या तर यातले निम्मे चावे झालेच नसते असं मला वाटतं.

ड्यूटीच्या बाकी गोष्टी थोडक्यात. बारा तासांची रात्र. पहाटे चार ते पाच हा सगळ्यात अवघड तास, त्या वेळी मी कुठलाही डोस दुसऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय देत नाही. सकाळच्या हँडओव्हरला तीन गोष्टी सांगायच्या, काय झालं, काय केलं, काय राहिलं, आणि तिसरी कधी गाळायची नाही. पोलिसांना कळवायच्या केसेसचं रजिस्टर वेगळं. औषध घेतलेल्या माणसाचे नातेवाईक पोलीस म्हटलं की घाबरतात, "चुकून पाणी समजून प्याला" म्हणतात, आणि बाटली लपवतात. मला बाटलीच हवी असते, कारण कीडनाशक आणि तणनाशक यांचे उपचार अगदी उलट असू शकतात. मी त्यांना सांगते की २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात, त्याला शिक्षा करायला कोणी बसलेलं नाही. एवढं सांगितलं की बऱ्याचदा कोणाच्या तरी पिशवीतून बाटली निघते. अपघातातल्या माणसाला आणून सोडणारेही असेच मागच्या मागं पळतात. कायद्यानं त्यांना नाव सांगायचीही सक्ती नाही, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली तशी तरतूदच झाली आहे. पण अपघात कसा झाला हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. म्हणून मी आधी "बसा, पाणी घ्या, नाव नको" म्हणते.

कार्डांचं दुखणं मात्र माझ्या हातात नाही. चंदगडच्या माणसाकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड, इलाज कर्नाटकात. इकडच्या मराठी गावांतल्या लोकांसाठी महाराष्ट्रानं २०२३ साली ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना लागू केली, इकडची योजना वेगळी. कुठलं कार्ड कुठं चालतं हे विचारत नातेवाईक खिडक्यांपुढं फिरतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. कॅज्युअल्टीत आधी जीव वाचवायचा, बाकीचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय. पैशासाठीही आम्ही कोणाला थांबवत नाही. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डात हिशोब सुरू होतो, आणि सीमारेषा तिथं दिसते.

मृत्यू सांगायला मी सगळ्यात उशिरा शिकले.

नोव्हेंबर ते मार्च गाळपाचा हंगाम. चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही, लाल पट्टी नाही. बंद पडली की रस्त्यातच उभी. मागून मोटारसायकल येऊन घुसते. लाल पट्टी लावायला असा काय खर्च येतो, हे मला कोणीतरी सांगावं. त्या रात्री १०८मधून दोन पोरं आली. एक ओरडत होता, मांडीचं हाड मोडलेलं. दुसरा गप्प होता. ओरडणाऱ्याची श्वासनळी उघडी आहे हे ओरडण्यावरूनच कळतं, म्हणून आधी गप्प असलेल्याकडे जायचं. मी गेले. पोट फुगलेलं, हात गार, नाडी लागत नव्हती. रक्त दिलं, नळी टाकली, छाती दाबली, मिनिटाला शंभराच्या वर, आळीपाळीनं चौघांनी. पाऊण तासानं सरांनी हात धरून थांबवलं.

बाहेर त्याचे वडील उभे होते. मी गेले आणि म्हणाले, "काका, फार सीरियस आहे. आम्ही प्रयत्न करतोय." खोटं बोलले. माझ्या तोंडून दुसरं निघालंच नाही. ते म्हणाले, "करा बाई, करा. मी देवळात जाऊन येतो." आणि ते गेले. अर्ध्या तासानं अंगारा घेऊन परत आले. तो अंगारा मी त्यांच्या हातातून घेतला आणि मग सांगितलं.

सरांनी मला नंतर खोलीत बसवलं. ते स्वतः कन्नड. म्हणाले, दोन्ही भाषांत त्या गोष्टीला स्पष्ट शब्द आहे, तो वापर. सीरियस म्हणू नकोस, प्रयत्न केले म्हणून सुरुवात करू नकोस, लोक 'प्रयत्न' ऐकतात आणि आशा धरतात. आता मी नातेवाईकांना आधी खुर्ची देते. स्वतः समोर बसते. नाव घेऊन विचारते की तुम्ही त्याचे कोण. मग दुसऱ्या वाक्यात सांगते, "तुमचा मुलगा वारला." कन्नडमध्ये "तीरकोंडारी." मग गप्प बसते. कितीही वेळ लागो, आधी मी बोलत नाही. कोणी ओरडतं, कोणी माझ्या अंगावर धावून येतं, एका आज्जीनं माझाच हात धरून मला "तू जेवलीस काय गं?" असं विचारलं होतं. हे शब्दही वहीत आहेत, वेगळ्या पानावर.

वही आता दुसरी चालू आहे. मागच्या हंगामात विजापूरकडच्या तांड्यावरून ऊसतोडीला आलेल्या एका बाईला फडातून ट्रॅक्टरवर घालून आणलं. तीस-बत्तीस वर्षांची. पांढरीफटक, घामानं भिजलेली, रक्तदाब ७०. पोट धरून खांद्याकडे बोट दाखवत होती. नवरा मुकादमाकडे गेलेला, सोबत फक्त दहा वर्षांची मुलगी. बाई लमाणी बोलत होती. माझं मराठी तिला थोडं कळत होतं, कन्नड थोडं, पण ती काय म्हणते ते मला काहीच कळत नव्हतं. आणि मला जे विचारायचं होतं, पाळी कधी चुकली, ते त्या पोरीच्या तोंडून विचारणं मला पटेना.

दोन्ही हातांत सलाईन सुरू करून रक्त मागवलं, आणि सिस्टरांना म्हटलं, लमाणी येणारं कोणी आहे का आपल्याकडे? रात्री झाडलोट करणाऱ्या मावशी पुढं आल्या. वर्षभर मी त्यांच्या हातचा चहा प्यायले होते, त्या तांड्यावरच्या आहेत हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या वाकल्या, बाईच्या कपाळावर हात ठेवला, कानात दोन वाक्यं बोलल्या. बाईनं दोन बोटं वर केली. दोन महिने. लघवीची तपासणी केली, गर्भ होता. सोनोग्राफीत पोटात रक्त. नळीतला गर्भ फुटला होता. येऊन ३५ मिनिटांच्या आत ती ऑपरेशन थिएटरमध्ये होती. मुलीला मावशींनी त्यांच्या खोलीत नेऊन बिस्किटं दिली.

पहाटे ती वाचल्याचा निरोप आला तेव्हा मी वही घेऊन मावशींकडे गेले. पोटात दुखतं, रक्त जातं, पाळी चुकली, हे तीन शब्द मला सांगा म्हटलं. त्यांनी सांगितले, मी देवनागरीत लिहून घेतले आणि वाचून दाखवले. "न्हाई, तसं न्हाई," त्या म्हणाल्या, "परत म्हणा." तिसऱ्या वेळेला त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात बाहेर १०८चा सायरन वाजला आणि मी वही खिशात टाकून दाराकडे गेले.